इतिवृत्तात न लिहिलेली अकरा मिनिटं

रणपिसेकाका,

तुमच्या शोकसभेत मी तुमच्याविषयी चार चांगले शब्द बोलेन, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी बोललो ते वेगळंच. खरं तर ते तुमच्यासमोर बोलायचं होतं, दवाखान्यात तुम्ही उशीला टेकून बसला होतात तेव्हा. तेव्हा मी खोटं बोललो. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि त्या खोट्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आपली गाठ पडली ती भांडणातच. आमचा डेपो म्हणजे कोरडं बंदर. जहाजातून उतरलेले कंटेनर रेल्वेने इथे येतात, कस्टमची तपासणी इथे होते आणि मग माल पुढे जातो. समुद्राचा पत्ता नसलेल्या शहराच्या पूर्वेच्या टोकाला बंदर, याची तुम्हाला शेवटपर्यंत गंमत वाटायची. "आता हिंजवडीत एक दीपगृह बांधा, कंपनीच्या बसगाड्यांना वाट सापडेल," असं तुम्ही आमच्या प्रमुखांना भर बैठकीत सुचवलं होतं आणि त्यांनी ते क्षणभर गंभीरपणे ऐकूनही घेतलं होतं.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डेपोतून उग्र वास सुटला. भिंतीपलीकडच्या तुमच्या गल्लीत लोकांचे डोळे चुरचुरायला लागले आणि तासाभरात सगळी गल्ली आमच्या फाटकाशी जमली. लोक ओरडत होते. तुम्ही ओरडत नव्हतात. उंच, वाकलेला, पांढऱ्या बुशशर्टातला एक म्हातारा पुढे आला आणि मला म्हणाला की, काय गळतंय तेवढं सांगा, म्हणजे घाबरायचं की नाही ते आम्हाला ठरवता येईल. मी म्हणालो, ते सांगायचा मला अधिकार नाही. "मग अधिकार असलेला माणूस आणा. तोवर मी इथे बसतो," असं म्हणून तुम्ही रखवालदाराचं स्टूल ओढून फाटकाच्या मधोमध बसलात. बाहेर ट्रकांची रांग लागली. तुम्ही तीस वर्षं अग्निशमन दलात काढली आहेत हे मला नंतर कळलं. गळला होता तो रंगात घालायचा पातळ द्रव, फारसं काही झालं नाही. पण त्या स्टुलामुळे वरच्या कार्यालयाला जाग आली, आणि बंदर प्रशासन व शेजारचे रहिवासी यांची सल्लागार समिती स्थापन करण्याचा हुकूम आला. रहिवाशांचे पाच जण, आमचे चार. मी सदस्य-सचिव.

पहिल्या बैठकीत प्रमुखांनी समितीचे उद्देश वाचून दाखवले. ते संपल्यावर तुम्ही शांतपणे म्हणालात, "समजलं. सल्ला आम्ही द्यायचा आणि गार तुम्ही करायचा." मी यवतमाळकडचा. पुण्यात बारा वर्षं काढली तरी इथला टोमणा मला जरा उशिरानेच कळतो. सगळे हसून झाल्यावर मी हसलो, ते तुम्ही पाहिलंत, आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारणं सोडून "सचिव" म्हणायला लागलात.

तुम्ही घरून थर्मास आणायचात. आमचा चहा प्यालो तर विरोध करताना जड जाईल, असं तुमचं म्हणणं होतं. वर्षभर तो थर्मास टेबलावर तुमच्यासमोर असायचा. मग आपण शाळा सुटण्याच्या वेळेत ट्रक गल्लीत न सोडण्याचं ठरवलं आणि ते खरोखर पाळलं. हॉर्न बंद झाले. भिंतीलगत उभे राहणारे ट्रेलर मागच्या बाजूला गेले. त्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही रिकाम्या हाताने आलात आणि शिपायाला म्हणालात, साखर कमी. काका, माझ्या नोकरीत मला एकदोन प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत. पण त्या "साखर कमी"एवढा आनंद मला कुठल्याच कागदाने दिला नाही.

आणि तुमची ती कवायत! समितीने डेपोत बसवून घेतलेला सायरन झाला की काय करायचं हे तुम्ही सगळ्या गल्लीला घरोघर जाऊन शिकवलंत. वाफ आली तर तिच्यासोबत पळू नका, आडवे निघा. वारा कुठला ते कसं कळणार? दोरीवरच्या साड्यांकडे बघा. बायका हसायच्या, पण शिकल्या. गल्लीच्या टोकाला, भिंतीला लागून ज्या पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे आमच्याकडे हमाली करणारी विदर्भातली माणसं राहतात. त्यातल्या द्वारकाबाईंना, वाशिमकडच्या त्या म्हातारीला, चालता येत नाही. सायरन झाला की तिला खुर्चीसकट उचलायला दोन दांडगे गडी तुम्ही नावानिशी नेमून दिले होते. आमच्या माणसांचीही कधी मी इतकी बारीक नोंद ठेवली नव्हती.

मग ते कंटेनर आले. नऊ होते. मागवणाऱ्याने ते सोडवलेच नाहीत, कोर्टकज्जे सुरू झाले आणि कंटेनर पूर्वेच्या कोपऱ्यात, अगदी पत्र्याच्या खोल्यांच्या भिंतीलगत, पडून राहिले. त्यात एक भुकटी होती. कोरडी असली की निरुपद्रवी, पाणी लागलं की विषारी वाफ सोडणारी. आणि त्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, कारण गटार अरुंद आहे. तुम्ही गच्चीवरून कंटेनरवरची खूण पाहिलीत, घरी जाऊन जुनी पुस्तकं काढलीत आणि पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागितल्या: हे डबे भिंतीपासून हलवा, आणि डेपोत काय काय धोकादायक आहे त्याची यादी रहिवाशांना द्या. प्रमुख म्हणाले, कोर्टाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि यादी दिली तर घबराट पसरेल. तुम्ही म्हणालात, घबराट यादीने पसरत नाही, वाफेने पसरते.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदस्यांनी सूचना केली. नोंद घेण्यात आली.'

तुम्ही चष्मा लावून ते वाचलंत आणि मला खोलीबाहेर बोलावलंत. "ही सूचना नव्हती, सचिव. हरकत होती. तो शब्द लिहा." मी म्हणालो की हरकत लिहिली तर वर उत्तर द्यावं लागतं. "म्हणूनच लिहा," तुम्ही म्हणालात. मी लिहिलं नाही. तुम्ही सही केली नाहीत. पुढचे दोन महिने थर्मास परत टेबलावर आला.

मला तेव्हा तुमचा राग आला होता, हे आज कबूल करतो. मला वाटायचं, एवढं सगळं जुळून आलंय, ट्रक थांबले, लोक आता शिव्या देत नाहीत, आमच्याकडे नमस्कार करतात, आणि हा माणूस एका शब्दासाठी ते मोडायला निघालाय. तिसऱ्या महिन्यात तुम्ही काही न बोलता सही केलीत. मी जिंकलो असं मला वाटलं. तुम्ही का केलीत ते मी विचारलं नाही. आता वाटतं, समिती मोडली असती तर सायरनही गेला असता, एवढाच हिशेब तुम्ही केला असावा.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तुमचा फोन आला. चार दिवस पाऊस पडत होता. तुमचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "सचिव, कोपऱ्यातून पांढरी वाफ निघतेय. खालून. डब्याचा तळ गेलाय. सायरन द्या."

मी म्हणालो, देतो.

आता ती अकरा मिनिटं.

सायरनची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे. पण नियम असा की प्रमुखांच्या परवानगीशिवाय कळ दाबायची नाही. प्रमुख मुंबईला बैठकीत होते. पहिला फोन त्यांनी कापला, दुसरा वाजत राहिला. मी खिडकीशी गेलो. तिथून कोपरा दिसत नाही, नुसता पाऊस दिसत होता. तिसऱ्यांदा ते बोलले आणि म्हणाले, आधी खात्री करा, उगाच गोंधळ नको. मी सुपरवायझरला पाठवलं. तो चालत गेला, कारण मी त्याला पळ असं म्हणालो नव्हतो. परतताना मात्र तो पळत आला, तोंडावर रुमाल धरून. मग मी कळ दाबली. भिंतीवरचं घड्याळ मी दोन्ही वेळा पाहिलं होतं. अकरा मिनिटं.

तुम्ही तेवढ्या वेळात थांबला नाहीत. सायरन होत नाही म्हटल्यावर खाली उतरून दारं ठोठावायला लागलात. तुम्ही शिकवलं होतं तशी माणसं आडवी निघाली आणि शाळेच्या मैदानावर जमली. पण नेमलेले ते दोन गडी रात्रपाळी करून झोपले होते, दार आतून लावून, गल्लीच्या दुसऱ्या अंगाला. सायरनने ते उठले असते. तुमच्या हाकेने नाही उठले. तेव्हा तुम्ही एकटेच द्वारकाबाईंच्या खोलीत शिरलात, एकाहत्तराव्या वर्षी, आणि त्यांना पाठीवर घेऊन निघालात. सायरन वाजला तेव्हा तुम्ही वाफेच्या मधोमध होतात.

द्वारकाबाई ठीक आहेत. शोकसभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्या माझ्याशी आमच्याकडच्या बोलीत बोलल्या. "त्या मानसानं मले पाठीवर घेतलं अन् सांगतलं, बाई, तोंड माह्या शर्टात खुपस, अन् श्वास थोडा थोडा घे. त्यायनं सोता तोंडावर कायी नाई घेतलं. रुमाल मलेच देल्ला." मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, तुमचा तो भोंगा उशिरा काऊन वाजला? मी म्हणालो, सांगतो नंतर.

तिसऱ्या दिवशी आमचा अहवाल गेला. मसुदा मीच केला होता. त्यात एक वाक्य आहे, 'सल्लागार समितीच्या सहकार्यामुळे व पूर्वतयारीमुळे जीवितहानी टळली.' तेव्हा तुम्ही जिवंत होतात, त्यामुळे वाक्य खरं होतं. तुम्ही गेलात त्यानंतर मी प्रमुखांना विचारलं, आता ते बदलायला हवं ना? ते म्हणाले, मृत्यू दवाखान्यात झालाय, दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलंय, आगीच्या धुरात आयुष्य काढलेल्या माणसाची फुफ्फुसं ती. त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत असावं. वाक्य तसंच आहे.

दवाखान्यात मी दहाव्या दिवशी आलो होतो. लवकर यायचं धाडस झालं नाही. नाकाला नळी, हात काळेनिळे, पण केस व्यवस्थित विंचरलेले. मालनकाकू मोसंबी सोलत बसल्या होत्या. तुम्ही आधी बाकीच्यांची चौकशी केलीत, मग शाळेच्या मैदानावर पोरांना पाणी मिळालं होतं का ते विचारलंत. आणि मग काकू हात धुवायला बाहेर गेल्या, तेव्हा म्हणालात, "सायरन कधी दिलात?"

"लगेच," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुमच्या मनगटावर ते स्टीलचं जुनं घड्याळ होतं, नळ्यांच्या गर्दीतही काढलं नव्हतं. "बरं," तुम्ही म्हणालात. मग डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "इतिवृत्तात तसंच लिहा."

जिना उतरत असताना मला तो टोमणा कळला. मी पुन्हा वर जायला हवं होतं. दोन मजले. मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा राहिलो आणि मग ऑफिसला गेलो. एकोणिसाव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही मला माफ केलं होतंत की माझी कीव करत होतात, हे मी कितीदा तपासून पाहिलं. काही हाती लागत नाही. पण तुम्ही कुणालाच काही बोलला नाहीत, काकूंनाही नाही, हे आता मला ठाऊक आहे. त्या गप्प राहण्याबद्दल तुमचे आभार मानावेत की त्याचीच भीती वाटावी, कळत नाही.

शोकसभा समितीच्या खोलीत झाली. गल्लीतले लोक जिन्यापर्यंत उभे होते. प्रमुखांनी तुमच्या फोटोला हार घातला आणि या खोलीला तुमचं नाव देण्याचा प्रस्ताव मांडला. लोकांनी माना डोलावल्या. मग मला बोलायला सांगितलं. माझ्याजवळ लिहिलेलं भाषण होतं, बरं लिहिलं होतं. त्याच्याखाली दुसरा कागद होता. मी तो वाचला. डेपोत त्या दिवशी कुठल्या रांगेत कुठला धोकादायक माल होता ती यादी, कंटेनरच्या क्रमांकांसकट. कोपऱ्यातल्या नऊपैकी फुटलेला एकच नेला आहे आणि आठ तिथेच ताडपत्रीखाली आहेत, हेही वाचलं. प्रमुख मध्ये दोनदा म्हणाले, वानखेडे, पुरे. मग मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो की रणपिसेकाकांनी फोन केला आणि मी सायरन दिला, यात अकरा मिनिटं गेली. ती मी परवानगी मागण्यात घालवली. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी लगेच दिला असं सांगितलं.

मला वाटलं होतं, कुणीतरी उठेल, मारेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. मागे कुणीतरी चपला शोधायला लागलं. प्रमुखांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. मालनकाकू उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि मी वाचलेली यादी त्यांनी हातात घेतली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सोमवारी मला खुलाशाची नोटीस मिळाली. ती अपेक्षितच होती. त्याच सोमवारी आठ कंटेनर हलवण्याची मागणी गल्लीतल्या प्रत्येक घराच्या सहीने आली. वर एकच शब्द मोठ्या अक्षरात होता, 'हरकत'. तो मी जसाच्या तसा नोंदवला आणि पोच दिली. सदस्य-सचिव म्हणून माझी ती शेवटची नोंद. मंगळवारपासून माझं टेबल मागच्या इमारतीत आहे.

टेबल उचलायच्या आधी मी सायरनच्या खोलीकडे गेलो. दाराला नवं कुलूप होतं. चावी प्रमुखांकडे, आणि प्रमुख आठवड्यातले तीन दिवस मुंबईला. सुपरवायझर म्हणाला, गैरवापर होऊ नये म्हणून वरून आदेश आलाय.

हे काकूंना सांगितलंच पाहिजे, म्हणून दुपारी तुमच्या घरी गेलो. दाराशीच उभा राहिलो. काकूंनी आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी कुलपाबद्दल सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"चावी कुणाकडे?"

"साहेबांकडे."

"आणि ते कुठे?"

"आज मुंबईला."

काकू आत गेल्या. मला वाटलं, दार लावतील. त्या छत्री घेऊन बाहेर आल्या, पायात चपला सरकवल्या आणि जिना चढायला लागल्या. मी मागून गेलो. गच्चीच्या कठड्याशी त्या उभ्या राहिल्या. खाली ताडपत्रीच्या कडेने पाणी वाहत होतं आणि दोन माणसं दोरी बांधत होती. पत्र्याच्या खोल्यांमधून स्वयंपाकाचा वास येत होता.

"मी इथे बसते," काकू म्हणाल्या. "हे पहाटे सहाला चढायचे. मीही तशीच चढेन. तुम्ही उद्या येताना एक खुर्ची आणा. आणि फोन चालू ठेवा."

मी हो म्हणालो. पाऊस वाढत होता.